कोपऱ्यावरचे पाय बघा

मी सांगली जिल्ह्यात ११ वर्षं डाव्या कोपऱ्यावर कबड्डी खेळले, आता मुलींना शिकवते. माझी भाची पुण्यात स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळते. तिला मी एकदा म्हणाले होते, "नुसती बोटं तर चालवायची." ते मी बोलायला नको होतं. कसलेल्या खेळाडूचा मान राखायचा, तर त्याच्या खेळात अवघड काय आहे ते आधी दिसायला हवं.

कबड्डीत सगळ्यांची नजर चढाई करणारीवर असते. तुम्ही सलग पाच चढाया फक्त कोपऱ्यावरची बचाव करणारी बघा, तीही गुडघ्याखाली. ती अर्धं पाऊल मागे सरकली, तर घाबरली असं समजू नका. ती चढाई करणारीला बोनस, म्हणजे रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण, घ्यायला बोलावतेय. बोनस रेषेपलीकडे पाय पडला की घोटा धरायचा, पण पडलेला पाय बघून हात घातला तर हाती माती येते. पाय हवेत असतानाच, कधी त्याच्याही आधी, ती खाली झुकलेली असते.

हे दिसायला लागलं की इव्हो या व्हिडिओ गेमच्या मोठ्या स्पर्धेतली २००४ सालची स्ट्रीट फायटरची लढत शोधा : दाइगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग. दाइगो खेळवत असलेल्या केन या पात्राचा जीव जवळजवळ संपलेला. साधा बचाव केला तरी तेवढ्या धक्क्याने तो हरला असता. वाँगच्या चुन-ली या पात्राने सलग १५ फटक्यांचा मारा सोडला. प्रत्येक फटका अंगाला भिडतो त्याच क्षणी जॉयस्टिक पुढे ढकलली, तरच तो निष्फळ होतो. पहिला फटका तर अंदाजानेच पकडावा लागतो. दाइगोने १५ च्या १५ अडवले आणि डाव जिंकला. माझ्या अंगावर काटा आला. हे तर आपलं घोटा धरणंच!

मग स्वतः करून बघा. भाचीने मला सरावाला बसवलं. तासाभरात सलग तीन फटके अडवता आले नाहीत. आणि दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांनी एकदा मैदानात उतरून ३० सेकंद दम न तोडता चढाई करावी.

हरलेल्याला लगेच सल्ला देऊ नका. "तो मारा ओळखलास कशावरून?" असं विचारा, खेळाडू मनापासून बोलतो. पैसे लावून खेळायच्या ॲप्सशी ई-स्पोर्ट्सची, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांची, गल्लत करू नका, ऑनलाइन गेमिंगच्या २०२५ च्या कायद्यानेही ते वेगळे धरलेत.

आणि मान द्यायला पदकाची वाट बघत थांबू नका. आशियाई स्पर्धेत कबड्डी १९८२ ला दिल्लीत फक्त दाखवण्यापुरती होती. पदक १९९० ला बीजिंगमध्ये आलं, बायकांना तर थेट २०१० ला. तोवर खेळलेल्या बायका काय कमी होत्या? ई-स्पोर्ट्सही २०१८ ला जकार्तात प्रात्यक्षिकापुरतेच होते. तिथे आपल्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य मिळवलं, पण ते पदकतक्त्यात धरलं गेलं नाही. २०२३ ला हांगझोऊमध्ये खरी पदकं सुरू झाली.

परवा भाची मैदानावर आली होती. कडेला उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली, मग माझा हात ओढून म्हणाली, "मावशी, ती आधीच झुकली होती गं!"