आजोबांच्या स्मरणार्थ गाण्यांची सभा कशी योजावी

आजोबांच्या दीर्घ आयुष्याचे स्मरण संगीतातून करायचे असेल, तर गाणी स्वतःच्या आवडीने न निवडता त्यांच्या वयाच्या साधारण 10 ते 30 या वर्षांतील गाण्यांपासून सुरुवात करावी, कारण माणसाच्या मनात याच काळातील प्रसंग आणि सूर अधिक ठळकपणे टिकतात, असे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसून आले आहे. त्यांची भावंडे आणि जुने मित्र यांना आधी भेटावे. कोणते गाणे आजोबा काम करताना गुणगुणत आणि कोणते ऐकताना गप्प होत, हे त्यांनाच ठाऊक असते. आजोबांचा आवाज असलेली कॅसेट सापडल्यास ती पुन्हा पुन्हा वाजवू नये. चुंबकीय फीत काळानुसार खराब होत जाते, म्हणून प्रथम तिची डिजिटल प्रत करून घ्यावी.

प्रत्येक गाण्यापूर्वी एकाने एकच आठवण सांगावी. वाढत्या वयात उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे वृद्धांना पुढे बसवावे आणि कोणी बोलत असताना पार्श्वसंगीत मुळीच ठेवू नये. गाणाऱ्याचा गळा दाटून आला, तर त्याला थांबू द्यावे. ती शांतताही सभेचाच भाग आहे, असे मी मानतो. सभेचे ध्वनिमुद्रण तारीख आणि बोलणाऱ्यांची नावे लिहून नातवंडांकडे जपून ठेवावे.