शाळेतला सण आणि वर्गातला अभ्यास यांची सांगड कशी घालावी

गोव्यातील आंतरराष्ट्रीय माध्यमिक शाळेच्या एकाच वर्गात म्हापसा-मडगावची मुले असतात, पुण्या-बंगळुरूहून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतली असतात आणि रशिया, इस्रायल किंवा ब्रिटनमधून काही वर्षांसाठी आलेलीही असतात. अशा शाळांमध्ये सण साजरा करण्याची एक रीत पडून गेली आहे. आठवडाभर तालीम चालते, एका दुपारी सभागृहात नाच आणि वेशभूषा होते, बाहेर पदार्थांची टेबले मांडली जातात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकातला पुढचा धडा सुरू होतो. मुलांना यातून आनंद मिळतो हे खरे. पण तालमीत गेलेल्या तासांच्या मोबदल्यात इतिहास, विज्ञान किंवा गणित यांच्या पदरात काहीच पडत नाही, आणि विषयशिक्षक कुरकुरतात ते त्यामुळेच. त्यावर उपाय म्हणून येथे एकच सूत्र सुचवायचे आहे: उत्सवाचा दिवस अभ्यासघटकाच्या शेवटी न ठेवता मध्यावर ठेवावा. आधीच्या दोन आठवड्यांत प्रश्न ठरवावेत, सणाच्या दिवसांत मुलांनी निरीक्षण करावे आणि खरा अभ्यास त्यानंतर, हाती आलेल्या नोंदींवर करावा.

तारखा आधी, विषय नंतर

वर्षाच्या आरंभी शिक्षकांनी एकत्र बसून पंचांग, चर्चचे कॅलेंडर आणि शाळेचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवावे. गणेशचतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती आणि २०२६ साली ती १४ सप्टेंबरला येते. त्यामुळे गेल्या वर्षीचा आराखडा जसाच्या तसा उचलता येत नाही. ही अडचण वाटली तरी आठवीच्या गणिताचा तो आयता घटक आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सौरवर्षापेक्षा ते जवळपास अकरा दिवसांनी कमी पडते. हिंदू पंचांग अधूनमधून अधिक मास घालून ती तूट भरून काढते, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यानेच चतुर्थी एवढी पुढे गेली. हिजरी कालगणना तूट भरत नाही, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकत जाते. ईस्टर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो आणि कार्निव्हल त्या हिशेबाने मागे मोजून ठरतो. विद्यार्थ्यांना दहा वर्षांच्या तारखा देऊन आलेख काढायला सांगितला, तर तीन रेषा तीन वेगळ्या तऱ्हांनी हलताना दिसतात, आणि सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, मात्र २४ जूनला खिळून बसलेला दिसतो. या एका तासाला ना तालीम लागते ना पोशाख.

वर्षभरातले सगळे सण घेण्याचा मोह टाळावा. दोन, फार तर तीन सण नीट होतात. त्याहून अधिक घेतले की शिक्षक पाट्या टाकू लागतात.

माटोळी: विज्ञानाचा महिनाभराचा घटक

गोव्याच्या चतुर्थीत अभ्यासाला सर्वांत समृद्ध वस्तू कोणती असेल, तर ती माटोळी. गणपतीच्या वर टांगलेल्या या लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, केळ्यांचा घड, तोरिंगण, चिबूड, आंबाडे यांच्याबरोबर करमल, कवंडळ, घागऱ्या अशी रानातली फळे बांधलेली असतात, आणि बांधणीसाठी परंपरेने केवणीच्या सालीचे दोर वापरतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या भूमीत काय फळते याची ती यादीच असते, म्हणून इतिहास किंवा भाषेपेक्षा जीवशास्त्राच्या शिक्षकाने हा घटक हाती घ्यावा असे मला वाटते.

पहिल्या आठवड्यात वर्गात एकही फळ आणू नये. विद्यार्थ्यांनी केवळ प्रश्न तयार करावेत: हे फळ लावलेले की रानातले, कोणत्या महिन्यात पिकते, ते कोण गोळा करते, किती लांबून येते, पाच वर्षांपूर्वी मिळत होते आणि आता मिळत नाही असे काय आहे. त्यानंतर चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत म्हापसा किंवा फोंड्याच्या माटोळी बाजारात लहान गटांनी जावे. सत्तरीसारख्या भागांतून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला रानफळांचे वाटे मांडून बसलेल्या असतात. त्यांचे हे वर्षातले कमाईचे मोजके दिवस असल्याने मुलांनी त्यांना वेठीस धरू नये. आधी काहीतरी विकत घ्यावे, मग दोन प्रश्न विचारावेत आणि गिऱ्हाईक आले की बाजूला व्हावे. विद्यार्थ्याला कोंकणी किंवा मराठी येत नसेल तर ज्याला येते त्याच्याशी जोडी लावावी. एरवी वर्गात मागे राहणारा स्थानिक मुलगा त्या सकाळी गटाचा पुढारी होतो, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना येतो.

नोंदीचा तक्ता साधा असावा: विक्रेतीने सांगितलेले नाव, शास्त्रीय नाव, वनस्पतीचा कोणता भाग बांधतात, लागवड की रान, कोणत्या गावाहून आले, भाव किती. शास्त्रीय नावाचा रकाना बाजारात रिकामाच ठेवावा आणि शाळेत परतल्यावर पाने, फुले व बिया पाहून भरावा. एक खबरदारी अत्यावश्यक आहे. माटोळीत बांधलेले सगळेच खाण्याजोगे नसते; कवंडळ दिसायला लालचुटुक असले तरी ते पोटात जाता कामा नये. म्हणून ओळख पटेपर्यंत कोणतेही फळ चाखायचे नाही, हा नियम बाजाराला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावा.

सुटी संपल्यावर घटकाचा वजनदार भाग सुरू होतो. राज्याचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते आणि तिच्यात जास्तीत जास्त जिन्नस जमवण्याची चढाओढ लागते. यातून विस्मरणात चाललेल्या वनस्पतींची ओळख टिकते असे एका बाजूने म्हणता येते. बी पक्व होण्याआधीच फळ तोडले तर त्या झाडाची पुढची पिढी कोठून येणार, असे दुसऱ्या बाजूने. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच तक्त्यातील आकड्यांच्या आधारे एक बाजू मांडावी. शिक्षकाने निकाल देऊ नये. माझे मत विचाराल तर ओळख टिकवायला प्रत्येक जिन्नस तोडण्याची गरज नाही, पण हे मत मुलांचे लेखन तपासून झाल्यावरच त्यांना सांगावे.

एक पीक, दोन वेदी

एका धर्माचा सण घेतला की दुसऱ्या धर्माचा घेऊन तोल साधावा, असा हिशेब शाळा करतात. गोव्यात त्याहून सोपी वाट उपलब्ध आहे. ऑगस्टमध्ये राय, ताळगाव अशा गावांत भाताची पहिली कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केली जातात, आणि चतुर्थीच्या दिवसांत हिंदू घरांत नव्या भाताच्या लोंब्या देवापुढे येतात. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदात होतात आणि १५ ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या फेस्ताला, कॅथलिक घरांतही होतात. दोन्हीकडे हेच महिने का, या प्रश्नाचे उत्तर धर्मग्रंथांपेक्षा शेतात अधिक सापडते. पेरणी कधी झाली, लवकर तयार होणारे वाण कोणते, हळदीला पान कधी येते, हे भूगोलाचे प्रश्न आहेत आणि ते एखाद्या शेतकऱ्याला शाळेत बोलावून विचारता येतात.

शिगम्याचा गोफ गणिताच्या तासाला

शिगम्यातील, म्हणजे गोव्याच्या शिमग्यातील, गोफ हा नाच मंचावर बसवायला अवघड आणि वर्गात आणायला सोपा आहे. वरून टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांना ओलांडत जातात, वेणी विणली जाते आणि पावले उलटी टाकली की ती सुटते. वर्गात प्रत्येक जोडीला लाल, पिवळी व हिरवी अशा तीन दोऱ्या द्याव्यात आणि दोनच चाली ठरवाव्यात: डावी दोरी मधलीवरून नेणे ही ‘ड’, उजवी मधलीवरून नेणे ही ‘उ’. मुलांनी डउ डउ डउ असे विणावे. सहा ओलांडण्या झाल्या की लाल, पिवळी, हिरवी पुन्हा आपापल्या मूळ जागी येते. वेणी मात्र सुटलेली नसते. येथे थोडा वेळ थांबावे, कारण रंग जागेवर आले म्हणजे सगळे मूळपदावर आले अशी बहुतेकांची समजूत झालेली असते आणि समोरची वेणी ती खोटी ठरवते. वेणी सोडवायची तर शेवटची चाल आधी उलटवावी लागते. क्रिया उलट क्रमाने मागे घेण्याचा बीजगणितातील नियम मुलांना असा बोटांनी कळतो. जर्मन भाषेत लिहिणारा गणिती एमिल आर्टिन याने १९२५ साली वेण्यांचा हा सिद्धांत मांडला, हे सांगायला हरकत नाही. त्यानंतर काणकोण-केपे भागातील एखादे गोफपथक बोलावले, तर मुले नाच पाहताना चाली मोजू लागतात, आणि प्रमुख नर्तकाला विचारायला त्यांच्याकडे खरेखुरे प्रश्न असतात.

दिवाडीचा बोंदेरा

इतिहासासाठी ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर होणारा बोंदेरा निवडावा. जुने गोवे किंवा रायबंदरहून फेरीबोटीने तेथे जाता येते. वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दीवरून तंटे होत, हद्द दाखवायला पोर्तुगीज अमदानीत बावटे रोवले गेले आणि प्रतिपक्ष ते पाडू लागला, अशी या सणाची कथा सांगतात. विद्यार्थ्यांनी ती कथा गावात दोन-तीन वेगळ्या माणसांकडून ऐकावी, तफावती टिपाव्यात आणि मग गावकरीच्या म्हणजे गावाच्या सामाईक जमीनव्यवस्थेच्या लेखी पुराव्याशी ताडून पाहाव्यात. पोर्तुगीजांनी गावकरीचे रीतिरिवाज १५२६ सालच्या सनदेत नोंदवले होते. तोंडी परंपरा आणि दस्तऐवज यांचे वजन कसे करावे, हे यापेक्षा चांगल्या रीतीने शिकवणे कठीण आहे. गर्दी मात्र मोठी असते, म्हणून सकाळी लवकर जाऊन मिरवणूक सुरू होण्यापूर्वी मुलाखती आटोपाव्यात.

श्रद्धेपाशी थांबणे

विद्यार्थ्याने सण समजून घ्यावा, त्याने तो पाळावा अशी अपेक्षा नसावी. आरतीला उभे राहणे, तीर्थ-प्रसाद घेणे किंवा प्रार्थनेत सामील होणे याची सक्ती नको, आणि मागे राहणाऱ्याला कारणही विचारू नये. त्याच्याकडे आराखडा काढणे, मोजमापे घेणे असे मानाचे काम सोपवावे. पालकांना पत्र आधीच जावे आणि त्यात पदार्थांतील घटक लिहिलेले असावेत. कोणाच्या घरी गट जाणार असेल तर चपला, सोवळे आणि छायाचित्रे यांविषयी यजमानांना आधी विचारून तसे मुलांना सांगावे.

वर्गात आणखी एक चूक सर्रास होते आणि ती चांगल्या हेतूने होते. शिक्षक एखाद्या मुलीकडे वळून ‘तुमच्यात हे कसे करतात?’ असे विचारतात, आणि तेरा वर्षांच्या त्या मुलीवर साऱ्या समाजाचे प्रवक्तेपण येऊन पडते. तिने घरी वेगळे पाहिले असेल, काहीच पाहिले नसेल किंवा त्यावर बोलायचे नसेल. असे प्रश्न घरी आजीला विचारायला द्यावेत, आणि उत्तर वर्गात सांगायचे की नाही हे मुलांवर सोडावे.

गुण कशाला द्यावेत

पोशाख, उत्साह किंवा पदार्थाची चव यांना गुण देऊ नयेत. प्रश्नाची धार, नोंदींची अचूकता आणि पुराव्यावर उभे केलेले विधान यांना द्यावेत. आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) मिडल इयर्स प्रोग्रॅम या माध्यमिक अभ्यासक्रमामध्ये दरवर्षी किमान एक आंतरविद्याशाखीय घटक घ्यावाच लागतो. जीवशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र आणणारा माटोळीचा घटक तेथे सहज बसतो, आणि त्यामुळे वेगळे तास मागण्यावरून घोडे अडत नाही. केंब्रिजचा आयजीसीएसई हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांत हेच काम ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज या विषयाच्या प्रकल्पाला जोडता येईल.

सभागृहातला कार्यक्रम रद्द करण्याचे कारण नाही. तो तीन आठवडे पुढे ढकलावा आणि त्यात मुलांनी आपले तक्ते, वेण्या व मुलाखती पालकांसमोर मांडाव्यात. बाजारातील नोंदींची वही शाळेनेच जपून पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी, म्हणजे कोणते फळ आले नाही आणि कोणाचा भाव चढला हे त्यांना वर्षागणिक ताडून पाहता येईल.