जुनी एचिंग आणि त्यांच्या तांब्याच्या प्लेटा: या चुका टाळा

एचिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेषा खोदून, त्यांत शाई भरून कागदावर काढलेलं छापचित्र. ‘खाली रेम्ब्राँटची सही आहे, म्हणजे प्रत त्याच्याच काळातली’ ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. सही प्लेटवरच कोरलेली असते, त्यामुळे प्लेट ज्याच्या हाती जाईल त्याच्या प्रत्येक प्रतीवर ती उमटणारच. रेम्ब्राँट हा डच चित्रकार 1669 मध्ये वारला. त्याच्या सत्तरहून जास्त प्लेटा पुढे हातोहात फिरल्या. पॅरिसचा छापचित्र-प्रकाशक बासाँ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांवरून प्रती काढल्या, 1906 मध्येही काढल्या गेल्या. दरम्यान झिजलेल्या रेषा पुन्हा खोल केल्या गेल्या. त्याच्या ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ या गाजलेल्या चित्राच्या प्लेटचे तर हालच झाले. कॅप्टन विल्यम बेलीने ती मिळवली, पुसट रेषा स्वतः गिरवल्या, 1775 मध्ये प्रती काढल्या आणि मग प्लेट कापून तिचे चार तुकडे केले. तुकड्यांवरूनही छापलं!

म्हणून सही शेवटी बघा. आधी कागद उजेडासमोर धरा. जुन्या युरोपीय कागदात साधारण अडीच सेंटीमीटर अंतराने रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या दाट बारीक रेघा दिसतात. युरोपीय कागद रेघांविना एकसारखा दिसला, तर तो 1750 च्या आधीचा नाही, तिथेच थांबा. रेघा दिसल्या तरी निकाल लागत नाही, कारण नंतरचे छापणारेही तोच कागद वापरत. मग दहापट भिंगातून गडद सावल्या बघा. सावलीसाठी एकमेकींवर आडव्यातिडव्या काढलेल्या जाळीतल्या रेषा सुट्या न दिसता करड्या, तुटक असतील, तर प्लेट थकल्यावरची प्रत. संग्रह सुरू केल्याच्या पहिल्याच महिन्यात मोठं नाव भिंतीवर हवं असणाऱ्यांच्या गळ्यात हाच माल मारला जातो.

‘प्लेटची दाबखूण (कडेने कागदात उमटलेला खळगा) आहे, म्हणजे अस्सल’ हेही नाही. एकोणिसाव्या शतकात आमाँ-द्युराँने फोटोवरून प्लेटा करून हुबेहूब प्रती काढल्या. त्यांनाही दाबखूण असते. कागदाच्या पाठीवरचा त्याचा छोटा लाल शिक्का शोधा.

ब्रिटिश चित्रकार डॅनियलांची वेरूळची 1803 ची चित्रं हाताने रंगवलेली असतात. भिंगात रंगीत ठिपके दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची आधुनिक छपाई.

समास कापू नका. सेलोटेप लावू नका.

आता प्लेट. ती पितांबरीने घासायची नाही, ब्रासोनेही नाही. चमक येते, पण बारीक रेषा मिलिमीटरच्या दशांशाइतक्याही खोल नसतात. पॉलिशबरोबर त्याच जातात. खाचांत वाळलेली शाई टाचणीने उकरू नका. ‘एक प्रत काढून बघू’ म्हणून प्रेसखाली घालू नका. प्लेटवरची अक्षरं सुलटी वाचता येत असतील तर ती शोभेची. छापायची प्लेट उलटीच असते.

हातमोजे घालूनच उचला, बोटांच्या घामाचे डाग तांब्यात उतरतात. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून सुटणारं क्लोराइड तांबं खातं. आम्लमुक्त कागदात गुंडाळून, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. फिकट हिरवी भुकटी पसरताना दिसली तर पुसत बसू नका, प्लेट वेगळी ठेवा आणि धातूसंवर्धकाला दाखवा.