नॉर्स भयपट लिहायचाय? देवांना बाहेर ठेवा

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, पुराणांवर भयपट लिहायचा म्हटलं की पहिल्याच पानावर ओडिन, थॉर आणि लोकी हजर होतात. निदान पहिल्या खर्ड्यात तरी त्यांना येऊ देऊ नका. देव आले की लढाई मोठी होते आणि भीती आटते. त्यापेक्षा आइसलँडची 'ग्रेत्तिर सागा' (सागा म्हणजे तिथली मध्ययुगीन गद्य कथा) उघडा आणि त्यातलं ग्लामचं प्रकरण सावकाश वाचा. पटकथा शिकवताना मी नेहमी हेच प्रकरण घेते, कारण भय आणि साहस यांचा इतका घट्ट सांधा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

गोष्ट अशी. उत्तर आइसलँडच्या एका दरीत थोरहालच्या शेतावर मेंढपाळ टिकत नाहीत. स्वीडनचा ग्लाम कामाला लागतो. थोराड, राखाडी केसांचा, तुसडा माणूस. नाताळच्या आदल्या दिवशी, घरोघरी उपास असताना, तो दरडावून जेवण मागतो, खातो, वादळात मेंढ्यांमागे जातो आणि मरतो. मग परत येतो.

इथे आपल्या मनातलं तरंगणारं, भिंतीतून आरपार जाणारं भूत पुसून टाका. नॉर्स कथांमधला द्राउगर म्हणजे उठलेलं प्रेतच. त्याला वजन असतं, तो दार मोडतो, घोड्याची हाडं चुरतो. म्हणून चित्राआधी आवाज लिहा. ग्लाम छपरावर मांड ठोकून बसतो आणि टाचा आपटतो, तेव्हा घरातलं लाकूड न् लाकूड करकरतं. आतली माणसं वर बघतायत, एवढं पडद्यावर पुरे. तो स्वतः अजून दिसायला नको.

मग घराचा आराखडा काढा. कागदावर नको, गच्चीवर खडूने, खऱ्या मापात. मोडकं बाहेरचं दार, लांबट दालन, मालकाची बंद झोपण्याची खोली आणि तिच्या समोरच्या बाकावर ग्लामशी झुंजायला आलेला सागाचा नायक ग्रेत्तिर. तो केसाळ झग्यात गुरफटून पडलाय आणि गळ्याच्या फटीतून बघतोय. कुणाला तरी घोंगडीत गुंडाळून तिथे झोपवा आणि फटीतून काय काय दिसतं ते विचारा. जेवढं दिसेल तेवढीच तुमची फ्रेम. दारातून आत वाकणारं डोकं छपराच्या उंचीला टेकतं, हे त्या फटीतूनच दिसू द्या.

झटापटीची दिशाही खडूच्या रेषांवर चालून बघा. ग्लाम ग्रेत्तिरला दाराकडे ओढतो. बाहेर गेलो तर हा आणखी भारी पडेल, हे ग्रेत्तिरला कळतं, म्हणून तो मिळेल त्याला पाय रोवतो. ते जमेना, तेव्हा तो एकदम उलटा जोर लावतो आणि ग्लामच्याच अंगावर झेपावतो. दोघे छप्पर फोडत बाहेर कोसळतात. सगळा प्रसंग एका उंबरठ्यावर तोललेला आहे.

ढगांतून चंद्र बाहेर येतो आणि ग्लामचे डोळे दिसतात. मेलेला बोलतो: तुझं बळ यापुढे वाढणार नाही, तुला बहिष्कृत व्हावं लागेल, माझे हे डोळे सतत तुझ्यापुढे राहतील आणि एकटं राहणं तुला जड जाईल. ग्रेत्तिर त्याचं मुंडकं उडवतो, प्रेत जाळलं जातं. पण शाप लागलेला असतो.

बहुतेक नवे लेखक ही लढत शेवटी ठेवतात. ती मध्यावर आणा. साहसपट इथून सुरू होतो. ग्रेत्तिर पुढे खरंच बहिष्कृत ठरतो, म्हणजे त्याला कुणीही मारावं, कायदा आड येत नाही. लपायचं तर एकटं राहायला हवं, आणि अंधारात एकटं राहवत नाही. म्हणून तो अशा माणसांना जवळ करतो जी बक्षिसासाठी त्याचा जीव घेऊ शकतात. उत्तरार्धातलं प्रत्येक वळण या पेचातून काढा. शेवटी द्रांगे या कड्यांच्या बेटावर तो धाकट्या भावाला, इलुगीला, सोबत नेतो. त्या भावावर तुमची दोन-तीन चांगली पानं खर्च करा.

उजेडाचा हिशेब ठेवा. डिसेंबरच्या अखेरीस आइसलँडची राजधानी रेक्याविकलाही दिवस जेमतेम 4 तासांचा असतो. सागात दिवस लहान होतात तसा ग्लामचा उपद्रव वाढतो आणि वसंतात ऊन वाढलं की ओसरतो. प्रसंगांचा क्रम ऋतूवरच बांधा. व्हायकिंगांच्या डोक्यावर दाखवतात ती शिंगांची शिरस्त्राणं मात्र नकोत. ती 1876 मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेतून रूढ झाली.

संवाद शेवटी लिहा, आणि थोडे. सागातली माणसं भीती बोलून दाखवत नाहीत, हवापाण्याबद्दल आणि गुरांबद्दल बोलतात. 'मला भीती वाटते' असं पात्र म्हणालं की ती ओळ खोडा आणि त्याला दाराची कडी पुन्हा तपासायला लावा.