‘हो’वर विश्वास ठेवू नका

इंग्लंडमध्ये असिस्टंट सायकॉलॉजिस्टची नोकरी शोधणारी आपली मुलं-मुली मला विचारतात: लैंगिक गुन्हे केलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या पुरुषांच्या गटावर काम मिळतंय, घेऊ का? घ्या. पण हे लोक तुमच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणणार, हे मनाशी पक्कं करून जा. आयुष्यभर मोठ्यांना, स्टाफला, पोलिसांना ‘हो’ म्हणून सुटका होते, हे त्यांना नीट कळलेलं असतं.

इथे अनेक ठिकाणी केंट विद्यापीठातल्या ग्लिनिस मर्फी आणि सहकाऱ्यांनी उभी केलेली सॉट्सेक-आयडी ही अशा पुरुषांसाठीची गट-उपचार पद्धत वापरतात. आठवड्यातून एकदा दोन तास, साधारण वर्षभर. लैंगिक शिक्षण सुरुवातीलाच, कारण अनेकांना ते कुणी दिलेलंच नसतं. मग विचार-भावना-कृतीची साखळी, पीडितेला काय वाटलं असेल, आणि शेवटी पुन्हा तसं घडू नये यासाठी ज्याचा त्याचा आराखडा. सगळ्यांना शिक्षा झालेली असतेच असं नाही. कित्येकांचं प्रकरण कोर्टापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

‘संमती समजली?’ असं विचारू नका. चित्र दाखवा: बसमध्ये शेजारची बाई हसली. तिच्या मनात काय असेल? ‘मी तिला आवडलो’ हे उत्तर आलं की त्या दिवसाचं खरं काम सुरू होतं. दचकू नका, लगेच दुरुस्तही करू नका. गटातल्या दुसऱ्याला बोलू द्या. तो जे सांगतो ते तुमच्या भाषणापेक्षा जास्त पटतं.

लैंगिक गुन्ह्यांचं समर्थन करणारे विचार मोजणाऱ्या ‘क्वॅक्सो’ या प्रश्नावलीतले गुण सुधारले म्हणून हुरळून जाऊ नका. तुलनेचा गट घेऊन केलेले अभ्यास या क्षेत्रात फारच थोडे. तुरुंगातला कोअर एसओटीपी हा लैंगिक गुन्हेगारांसाठीचा उपचार कार्यक्रम बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी नव्हता, पण त्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात कार्यक्रमात भाग घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी आणि न घेतलेल्यांपैकी 8 टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचं दिसलं. कार्यक्रम बंद झाला. मुलाखतीत हे विचारतात, आणि विचारायलाच हवं.

या लोकांना रोजच्या जगण्यात मदत करणाऱ्या सपोर्ट वर्करशी मैत्री करा. दोन तासांच्या बाहेरचा आठवडा त्यांच्याच हातात असतो. सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी वरिष्ठांशी कामाबद्दल बोलण्याची वेळ, ठरलेल्या वेळी मिळेल का, हे रुजू होण्याआधी स्पष्ट विचारून घ्या. ऐकलेलं घरी घेऊन जायचं नसेल तर त्याला पर्याय नाही. आणि व्हिसासाठी भारतातलं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागू शकतं, ते पासपोर्ट कार्यालयातून वेळेत काढून ठेवा.