जुना टीव्ही बदलताना : आधी भिंत मोजावी, मग दुकान गाठावे

गुढीपाडवा आणि दसरा हे नाशिककरांचे टीव्ही खरेदीचे ठरलेले मुहूर्त आहेत. त्या दिवशी महात्मा गांधी रोडवरच्या किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानात शिरले की भिंतभर झगमगणाऱ्या पडद्यांसमोर दहा मिनिटांत निर्णय होतो आणि बहुधा तो चुकतो, कारण त्या पडद्यांवर चाललेले दृश्य आपल्या घरी कधीच दिसणार नसते. टीव्हीची निवड दुकानात नव्हे, तर घरातच, हाती मोजपट्टी घेऊन करावी, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

प्रथम आकाराचा विचार करू. पडद्याचा इंचांतला आकडा म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर होय. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचांचे लांबी-उंचीचे प्रमाण ४:३ होते, नव्या पडद्यांचे १६:९ आहे. त्यामुळे नुसत्या इंचांची तुलना फसवी ठरते. २९ इंची जुन्या संचाचा प्रत्यक्ष दिसणारा पडदा सुमारे ४१ सेंटिमीटर उंच असे, तर नव्या ३२ इंची पडद्याची उंची जेमतेम ४० सेंटिमीटर भरते. म्हणजेच, तो भलामोठा डबा काढून ३२ इंची टीव्ही आणणाऱ्याला रुंदी वाढलेली दिसेल, पण बातम्या देणाऱ्याचा चेहरा मात्र होता तेवढाच राहील. २१ इंची संच बदलणाऱ्याला ३२ इंची पडदा नक्कीच मोठा वाटेल. २९ इंची संच बदलणाऱ्याने निदान ४० ते ४३ इंचांचा विचार करावा.

बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजून त्याला दोनाने भागावे, हा घरगुती हिशेब बऱ्यापैकी उपयोगी पडतो. सोफा आठ फुटांवर असेल तर ४८ येतात, म्हणजे ४३ किंवा ५० इंची पडदा. दहा फुटांवर असेल तर ५५ इंची पडदाही डोळ्यांवर येत नाही. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच असतो, तर ५५ इंची पडदा सुमारे १२२ बाय ६९ सेंटिमीटरचा. तेवढ्या मापाचे जुने वर्तमानपत्र जोडून भिंतीवर चिकटवावे आणि दोन दिवस तसेच राहू द्यावे. हा प्रकार पाहुण्यांना हास्यास्पद वाटला तरी घरातल्यांचे एकमत होण्यास त्याची मोठी मदत होते.

टीव्ही शोकेसवर ठेवायचा असल्यास आणखी एक माप घ्यावे लागते. आजकालच्या टीव्हीला मध्यभागी एकच बैठक क्वचितच असते. दोन्ही टोकांना दोन पाय असतात. आमच्या इंदिरानगरच्या घरी टीव्ही शोकेसच्या कप्प्यात नीट मावेल याची मी खात्री केली होती, परंतु तो कप्प्यात न बसवता वरच्या फळीवर ठेवायची वेळ आली, तेव्हा त्याचा एक पाय फळीच्या बाहेर दोन बोटे अधांतरी राहिला. सुताराला बोलावून फळी वाढवून घ्यावी लागली. पायांमधले अंतर माहितीपत्रकात दिलेले असते. ते वाचण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. टीव्ही भिंतीवर टांगायचा असेल, तर भिंत कशाची आहे ते आधी पाहावे. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींत अँकर बोल्ट धरत नाहीत, मातीसकट बाहेर येतात. तिथे लाकडी खांबाला फळी बांधून तीवर ब्रॅकेट लावावा किंवा सरळ टेबल घ्यावे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत असावा. दरवाजाच्या चौकटीइतक्या उंचीवर टांगलेला टीव्ही मान दुखवतो.

आता पडद्यावरच्या ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा हिशेब. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, सुमारे २१ लाख ठिपके; फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, त्याच्या बरोबर चौपट. एचडी रेडी म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची संचांत बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. सामान्य नजरेच्या माणसाला ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचे सुटे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडून ओळखू येत नाहीत. त्यामुळे नऊ फुटांवरून पाहणाऱ्याला केवळ ठिपक्यांच्या संख्येमुळे फोर-केचा फरक जाणवणार नाही. तरीही ४३ इंच आणि त्यापुढच्या आकारात मी फोर-केच घ्यायला सांगेन, कारण कंपन्या चांगले रंग, चांगला प्रोसेसर आणि अधिक उजळ पडदा आता त्याच मॉडेलांत देतात. ३२ इंचांत फुल एचडी मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास एचडी रेडी चालेल. मात्र खोक्यावर ‘फोर-के सपोर्ट’ असे लिहिलेले असेल तर सावध राहावे; असा संच फोर-के चित्रफीत स्वीकारतो, पण स्वतःच्या कमी ठिपक्यांतच दाखवतो. माहितीपत्रकात ‘रिझोल्यूशन’ या शब्दासमोरचा आकडा पाहावा.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे घरात चित्र येते कुठून. आम्ही फोर-के टीव्ही आणला आणि जुना सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने त्याला जोडला. संध्याकाळी मालिका सुरू झाली आणि आई म्हणाली, “अरे, या सगळ्या जणी एका रात्रीत एवढ्या जाड कशा झाल्या?” तिचे निरीक्षण अचूक होते. ४:३ चे साधे चित्र टीव्हीने ओढून १६:९ केले होते, शिवाय कमी ठिपक्यांचे ते चित्र मोठ्या पडद्यावर धुरकटही दिसत होते. एचडी सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय केबल आणि वाहिन्यांचा एचडी पॅक या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच नव्या पडद्याचे चीज होते. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या बहुतेक १९२० बाय १०८० याच मापाच्या आहेत. खरे फोर-के चित्र मुख्यतः इंटरनेटवरून येते. त्यासाठी निदान १५ ते २५ एमबीपीएस वेग टिकून राहायला हवा आणि राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर टीव्हीला लॅनची वायर जोडणे केव्हाही चांगले. घरी डीडी फ्री डिश असेल आणि ती बदलायची नसेल, तर पैसे फार मोठ्या पडद्यावर घालवू नयेत.

एवढी तयारी झाली की दुकानात जावे आणि सोबत पेन ड्राइव्ह न्यावा. दुकानातले टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर आणि कंपनीच्या खास चित्रफितीवर चालू असतात. त्यात पोपट हिरवेगार आणि समुद्र निळाशार असतो, पण माणूस क्वचितच दिसतो. मी रामकुंडावरच्या संध्याकाळच्या गोदाआरतीची, मोबाइलवर टिपलेली एक चित्रफीत नेली होती. विक्रेत्याला मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ करायला सांगून ती लावली, तेव्हा शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन टीव्हींमधला फरक लगेच उघड झाला. एकावर नदीचे काळे पाणी राखाडी दिसत होते आणि खालच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपत होता. दुसऱ्यावर आरतीच्या ज्योतीचा नुसता पांढरा डाग पडला होता. तिसऱ्यावर ज्योत पिवळीच राहिली आणि पुजाऱ्यांच्या मागचा अंधारही अंधारच राहिला. तीनही खोक्यांवर एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद छटा एकाच चित्रात नीट दाखवण्याची सोय, असे लिहिलेले होते. स्वस्त संचांत पुरेसा उजेड आणि खोल काळेपणा नसल्यामुळे ही अक्षरे नावापुरतीच उरतात.

पॅनेलच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याच्या, प्रकारांची नावे विक्रेता भराभर सांगेल. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल बाजूनेही नीट दिसते, पण अंधाऱ्या खोलीत त्यावरचा काळा रंग थोडा धुवट वाटतो. त्यामुळे घरात दिवाण भिंतीकडेला असेल आणि आजोबा तिथूनच बातम्या पाहत असतील, तर दुकानातही बाजूला सरकून पाहावे. क्यूएलईडी हा एलसीडीचाच सुधारित प्रकार असून त्याला मागून प्रकाश द्यावा लागतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून त्याचे काळे चित्र सर्वांत सरस असते. परंतु ज्या घरात दिवसभर एकच वृत्तवाहिनी चालते, तिथे वाहिनीच्या बोधचिन्हाची खूण पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका असतो, म्हणून त्या घरासाठी मी ओएलईडी सुचवणार नाही. वृत्तवाहिनीच्या तळाशी सरकणारी मजकुराची पट्टी जरूर पाहावी. हलत्या चित्राची परीक्षा घेण्याचे तेवढे सोपे साधन दुसरे नाही. अक्षरांना शेपटी फुटत असेल तर क्रिकेटचा चेंडूही तसाच दिसेल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. एचडीएमआयची निदान तीन छिद्रे असावीत आणि त्यांतले एक एआरसीचे, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारेही असावे; मग पुढे साउंडबार घेतल्यास एकाच केबलवर भागते. स्मार्ट टीव्हीची रॅम २ जीबीपेक्षा कमी असू नये. जुना डीव्हीडी प्लेअर चालवायचा असल्यास एव्हीची, म्हणजे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची, सोय आहे का, ते विचारावे. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवर तारे आणि वर्षाला लागणारी युनिटे दिलेली असतात. दोन मॉडेलांत निवड अडली तर तो आकडा पाहावा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर तोच दर लावलेला आहे ना, ते तपासावे. पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची, ब्रॅकेटचे आणि बसवणीचे पैसे वेगळे आहेत का, हे बिल होण्यापूर्वी विचारावे. नंतर विचारल्यास उत्तर बदलते.

टीव्ही घरी आला की खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे, मागचा अनुक्रमांक बिलाशी जुळवावा आणि पडद्यावर पूर्ण पांढरे, मग पूर्ण काळे चित्र लावून मेलेले ठिपके शोधावेत. मेनूमधली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. तिच्यामुळे सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. बहुतेक नव्या संचांना स्टॅबिलायझर लागत नाही, पण अर्थिंग नीट असावे आणि चांगला स्पाइक गार्ड लावावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लगच नव्हे, तर डिशच्या छत्रीची आणि लॅनची वायरही काढून ठेवावी.

राहिला जुना संच. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि आतल्या भागांत बंद केल्यानंतरही काही काळ विजेचा दाब साठून राहू शकतो, म्हणून तो स्वतः उघडू नये आणि काच फोडून तांबे काढणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार टाकाऊ संचांच्या पुनर्वापर प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार एक्स्चेंजमध्ये देऊ करतो ती रक्कम किरकोळ वाटली, तरी तो संच अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणार असल्याचे त्याच्याकडून ऐकून घ्यावे आणि जिन्यावरून उतरवायला दोन माणसे बोलवावीत, कारण त्याचा सगळा भार पुढच्या काचेकडे असतो.