पाळणाघर काढताय? आधी बंद करायची वेळ ठरवा

डोंबिवलीत नवीन पाळणाघर काढायचं म्हणून कुणी माझ्याकडे चौकशीला आलं की बोलणं सुरू होतं भिंतीवरच्या चित्रांपासून, नाहीतर नावापासून. मी विचारते, बंद किती वाजता करणार? उत्तर बहुधा ‘सहा’. अहो, सहाला इथे कुणाची आई घरी पोचते? सीएसएमटीहून सव्वासहाची फास्ट मिळाली तरी डोंबिवलीला उतरून, पूल ओलांडून, रिक्षाच्या रांगेतून सुटेपर्यंत पावणेआठ होतात. तेही सगळं सुरळीत असेल तर. कुर्ला-सायनला पाणी भरलं की मग देवच जाणे.

म्हणजे मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांची मुलं घ्यायची असतील तर आठपर्यंत उघडं ठेवायची तयारी हवी. झेपत नसेल तर शिक्षिका, इथल्याच बँकांत काम करणाऱ्या, घरून काम करणाऱ्या अशांची मुलं घ्या आणि सहाला कुलूप लावा. दोन्ही चालतं. पण एकदा ठरवा, कारण मावशा किती लागतील, संध्याकाळचं खाणं द्यायचं का, फी किती, जागा कुठे, हे सगळं त्या एका वेळेवर ठरतं.

उशिराचा नियम प्रवेश अर्जातच लिहा. पंधरा मिनिटं सवलत, पुढे अर्ध्या तासाला ठरावीक पैसे. गाड्या बंद पडल्या असतील तर काही नाही. न्यायला कोण येणार त्यांची नावं, फोटो आणि नंबर आधी घ्या. त्याबाहेरचं कुणी आलं तर आईच्या नोंदवलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. समोरच्याने लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही. मूल ‘मामा’ म्हणून धावत गेलं तरी हाच नियम. मामा रागावतो. रागावू दे.

जागा तळमजल्यावरच बघा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दर मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. त्या हिशोबाने स्वयंपाकघर-न्हाणीघर वगळून २५० चौरस फूट उरले तर वीस मुलं बसतील. बसतील, पण झोपणार नाहीत. दुपारी गाद्या घातल्यावर दोन गाद्यांमधून पाऊल टाकता आलं पाहिजे, म्हणून तेवढ्या जागेत मी बाराच्या वर घेत नाही. सोसायटीची परवानगी अनामत देण्याआधी घ्या, आणि लेखी. भाडेकरारात पाळणाघराचा उल्लेख हवा. विजेचा मीटर घरगुती चालेल की व्यावसायिक लागेल, तेही तेव्हाच विचारा. सोसायटीत तक्रार मुलांच्या रडण्याची कमी येते. जिन्यातल्या चपला आणि गेटात आडव्या लावलेल्या स्कूटरची जास्त.

कागदपत्रांचं फार दडपण घेऊ नका. गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी, स्वयंपाक करणार असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी, काम करणाऱ्या प्रत्येकीची पोलीस पडताळणी, आणि अग्निशामक नळकांडं, तेही वापरता येणारं. ही कामं मुलं घ्यायच्या आधीच उरकून टाका.

जागा ताब्यात आली की एकदा रांगत घरभर फिरा. हसू नका, खरंच रांगा. प्लगची भोकं, कपाटाची कोपरी, ओट्यावरून लोंबणारी मिक्सरची वायर, सगळं त्या उंचीवरून दिसतं. न्हाणीघरात भरलेली बादली ठेवायची नाही. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं. मुलांच्या हाताला येईल अशी आतली कडी काढून टाका आणि बाहेरून उंचावर बसवा. बटणासारखे सेल असलेली खेळणी आणि रिमोट घरातच नकोत.

आता पैसे. समजा भाडं अठरा हजार, दोन मावशांचे मिळून चोवीस, वीज-गॅस-दूध-भाजी-साबण यांचे आठ. झाले पन्नास हजार. फी सहा हजार धरली तर आठ मुलांतही तोटा, नवव्या मुलाला जेमतेम बरोबरी, आणि तुमचा पगार खऱ्या अर्थाने दहाव्यापासून. दहा मुलं पहिल्याच महिन्यात येत नाहीत, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय भाड्याची जागा घेऊ नका. शिवाय मे महिना. मुलं आजोळी जातात आणि पालक म्हणतात, आलाच नाही तर फी कशाची? मे महिन्यात जागा राखायची अर्धी फी, हे अर्जात लिहून त्याखाली वेगळी सही घ्या.

सगळ्यात जास्त वेळ मावशा निवडायला द्या. नुसत्या गप्पा मारून काही कळत नाही. एक दुपार कामाला बोलवा आणि न जेवणाऱ्या मुलासमोर बसवा. तोंड दाबून घास भरणारी लगेच दिसते. ‘बागुलबुवा येईल’ म्हणणारी सुधारू शकते, पण सांगत राहावं लागतं. दोन घासांत थांबून, वाटी खाली ठेवून, मुलाच्या हातात चमचा देणारी मिळाली तर हजार रुपये जास्त द्या आणि ठेवून घ्या. वर्षाच्या आतली तीन-चार बाळं असली तर एक मावशी पूर्णवेळ त्यांच्याचपाशी हवी. मोबाइल कपाटात. मुलाला एकटीने बंद दाराआड न्यायचं नाही.

२०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं मारहाणीचं चित्रण बाहेर आल्यापासून पालक पहिल्या भेटीत कॅमेऱ्याचं विचारतात, आणि ते बरोबरच आहे. कॅमेरे लावा, चित्रण साठवा. पण पालकांच्या फोनवर थेट दाखवायला मी ठाम नकार देते. एकीच्या लेकराला धुतानाचं चित्र दुसरीच्या ऑफिसात का दिसावं? त्याऐवजी न सांगता कधीही येऊन दार वाजवायची मुभा द्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर पोक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, आपसात मिटवायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मावशांनाही पाठ हवा.

प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची, त्यामुळे बरीच बाळं सहाव्या महिन्याच्या आसपास येतात. ते बरंच आहे. आठव्या-नवव्या महिन्यात परकं माणूस कळायला लागतं आणि तेव्हा आलेलं बाळ रुळायला जास्त दिवस घेतं. पहिल्या दिवशी आईने तासभर आपल्याजवळ बसावं, दुसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर जाऊन यावं, असं वाढवत न्या. मूल खेळतंय बघून मागच्या मागे सटकायचं नाही; ‘येते हं’ म्हणून, रडू आलं तरी, समोरून जायचं. आईची वापरलेली ओढणी खेळताना जवळ असू दे, बाळाला झोपवताना मात्र काढून घ्या. लहान बाळाला पाठीवरच निजवायचं. घरी फक्त झोळीत झोपणारं बाळ असेल तर यायच्या आठवडाभर आधी गादीची सवय करायला सांगा. सगळ्यांना झोळ्या बांधायला आपल्याकडे तेवढे हूक नाहीत.

दारातच दागिने उतरवून घेऊन परत द्यायचे. सोन्याची चेन, वाळे नकोतच. आजीने दृष्टीसाठी घातलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्याही नकोत. दोरा जुना झाला की तुटतो आणि मणी सरळ तोंडात जातात. गळ्यातला दोरा तर त्याहून वाईट. आजी हमखास रुसतात. त्यांना सांगते, तीट लावा, पाहिजे तेवढी मोठी.

वर्षाच्या आतल्यांचा डबा घरून. मोठ्यांना वरणभात, मुगाची खिचडी, उपमा, नाचणीची पेज. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्की बंद. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. वर्षाच्या आत मध नाही, घुटीतूनसुद्धा नाही. आईचं दूध आलं तर बाटलीवर नाव, तारीख, वेळ. फ्रीजमध्ये ते चार दिवस राहतं, पण पाजून उरलेलं दोन तासांनंतर ओतून द्या. आईला वाईट वाटतं, तिने पहाटे उठून काढलेलं असतं. म्हणून एकदम मोठी बाटली न भरता थोडं थोडं काढा.

तापाचा नियम कडक ठेवा: औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच यायचं. सकाळी पॅरासिटामॉल पाजून सोडलेलं मूल अकराच्या सुमाराला तापायला लागतं, म्हणून अकराला सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवायचा. पावसाळ्यात हँड-फूट-माउथ येतो, म्हणजे हात-पाय-तोंडावर फोड आणणारा, पसरणारा आजार. एकाच्या तळहातावर पुरळ दिसला की त्याच दिवशी सगळ्या पालकांना कळवा, मुलाचं नाव न घेता. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आईबापांनी लिहून दिलेली मात्रा असल्याशिवाय औषध देऊ नका. लसीकरणाच्या कार्डाची प्रत प्रवेशालाच घ्या.

रोज संध्याकाळी वहीत चार ओळी: काय खाल्लं, किती झोपलं, शी कशी झाली, पडलं-झडलं का. टेंगूळ आलं असेल तर वहीची वाट बघू नका, लगेच फोन करा. संध्याकाळी दारात टेंगूळ बघणारी आई आणि दुपारीच कळलेली आई, दोघींशी होणारं बोलणं फार वेगळं असतं.

सुरुवात एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये शाळा उघडतात, चौकशा धबाधब येतात आणि पाटी कालच लावलेली असली तर सगळ्यांना हो म्हणायचा मोह होतो. एप्रिलमध्ये तीन-चार मुलं घेऊन मावशांचा हात बसू द्या. पुढे आठवड्याला दोनच नवीन मुलं, सोमवारी एक आणि गुरुवारी एक. नवीन मूल रडायला लागलं की रुळलेल्यांनाही आपली आई आठवते. दोन नवीन एकाच सकाळी आले तर साडेनऊला अख्खं घर सूर लावतं आणि त्या दिवशी कुणालाच नीट खायला-झोपायला मिळत नाही.